वैदर्भी रीति आणि वत्सगुल्माचें लग्न

काव्यशास्त्राच्या कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, अनुप्रास, यमक, गुण, रीति, रस अशा संज्ञा एकामागून एक मांडलेल्या असतात. प्रत्येकीचें लक्षण, त्याखालीं एक उदाहरण आणि परीक्षेपुरतें पाठांतर, एवढाच त्यांचा संसार. या संज्ञांना इतिहास आहे, त्यांवरून विद्वानांत पिढ्यान् पिढ्या वाद झाले, कित्येकींचा अर्थ पालटला व कित्येकींची प्रतिष्ठा गेली, हें त्या पुस्तकांवरून कळत नाहीं. याच पंक्तींत 'वैदर्भी' ही एक संज्ञा येते. थोडे समास, कोमल वर्ण आणि सुबोध अर्थ असलेली रचना ती वैदर्भी रीति, इतकें घोकून विद्यार्थी पुढें जातो. बडनेऱ्याच्या वर्गांत बसलेला विद्यार्थीहि तसाच पुढें जातो. आणि ज्या प्रांतावरून हें नांव पडलें त्याच प्रांतांत आपण बसलों आहों, हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें. प्रस्तुत लेखांत या एका संज्ञेचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ शब्दांच्या कुतूहलाचा नाहीं. आमच्या प्रांतांतील मुलांच्या मनांत काव्याविषयीं एक संकोच असतो. घरीं 'डोळा' याला 'डोया' आणि 'आहे' याला 'हाये' म्हणणारें मूल शाळेंत येतें, तेव्हां शुद्ध भाषा ही पुण्याकडची आणि काव्य ही त्याहूनहि दूरची वस्तु, अशी त्याची समजूत होऊन बसते. मग तें दोहोंपैकीं एक करतें: तोंड मिटून बसतें, किंवा जड संस्कृत शब्दांची आरास मांडून आपलें वऱ्हाडीपण झांकूं पाहतें. साध्या, स्पष्ट व गोड रचनेला भारतवर्षांतील पंडितांनीं दिलेलें नांव तुझ्याच प्रांताचें आहे, असें अशा मुलास सांगितलें तर तें ताठ बसेल यांत शंका नाहीं. परंतु अर्धेंच सांगून भागणार नाहीं. या नांवावर पंडितांनीं कोणते आक्षेप घेतले तेंहि सांगावें लागेल. नाहीं तर संकोचाच्या जागीं पोकळ अभिमान येऊन बसावयाचा, आणि या दोहोंत फारसें अंतर नसतें.

प्रथम संज्ञांचीं कुळें निराळीं करून घेऊं. अलंकार आणि रीति यांची विद्यार्थी नेहमीं गल्लत करतात. भरताच्या नाट्यशास्त्रांत अलंकार अवघे ४ आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढें शास्त्रकारांच्या उत्साहानें ही संख्या वाढत वाढत शंभरावर गेली. परंतु मूळ व्यापार थोडक्यांत कळण्यासारखा आहे. कार्तिकांत आमच्याकडे कपाशीचीं बोंडें उलतात तेव्हांचें शेत घ्या. 'शेत चांदण्यासारखें पांढरें दिसतें' असें म्हटलें कीं ती उपमा. दोन वस्तु वेगळ्या ठेवून त्यांतील साम्य दाखविलें. 'हें शेत म्हणजे जमिनीवरचें चांदणेंच' हें रूपक. दोहोंचा अभेद मानला. 'जणूं रात्रीचें चांदणेंच बोंडांतून फुटलें आहे' ही उत्प्रेक्षा. येथें कल्पनेनें संभावना केली. 'हें शेत नव्हे, हें तर चांदणें' ही अपह्नुति. खऱ्या वस्तूचा निषेध करून तिच्या जागीं दुसरी बसविली. एकाच शेतावरून चार अलंकार झाले, आणि चारांतहि मनाची झेंप निराळी आहे. शास्त्रकारांनीं इतके भेद केले ते केवळ मोजदादीच्या हौसेनें नव्हेत. प्रत्येक भेदामागें अशी एखादी निराळी झेंप त्यांना दिसली होती.

रीति ही याहून वेगळी वस्तु. कल्पना तीच ठेवून शब्द कसे जुळवावे, हा तिचा प्रश्न. 'प्रखरमार्तंडकिरणसंतप्तकृष्णमृत्तिकाक्षेत्रांत कृषीवल विचरत होता' असें एकानें लिहिलें, आणि 'उन्हानें काळी जमीन तापली होती. शेतकरी तींतून चालला होता' असें दुसऱ्यानें लिहिलें. अर्थ एक, पहिल्यांत समासाची लांबच लांब आगगाडी, दुसऱ्यांत सुटे शब्द. पहिल्या धर्तीला प्राचीनांनीं गौडी म्हटलें, दुसरीला वैदर्भी. गौडी सर्वस्वीं त्याज्य, असें मात्र कोणीं समजूं नये. युद्ध, वादळ किंवा क्रोध वर्णितांना तिचा घोष शोभतो. पण उन्हांतून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर एवढें ओझें कशाला?

रचनेच्या धर्तीस देशांचीं नांवें देण्याची चाल केव्हां पडली? भरतानेंच वेष, भाषा व आचार यांच्या प्रांतिक भेदांना प्रवृत्ति हें नांव देऊन आवंती, दाक्षिणात्या, पांचाली व औड्रमागधी असे ४ प्रकार सांगितले आहेत. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरिताच्या आरंभीं कवींच्या प्रांतिक आवडीनिवडीहि नोंदविल्या: उत्तरेकडे श्लेष फार, पश्चिमेकडे नुसता अर्थ, दक्षिणेकडे उत्प्रेक्षा आणि गौडांत अक्षरांचा आडंबर. म्हणजे निरनिराळ्या प्रांतांचे कवि निरनिराळ्या धर्तीनें लिहितात, हें रसिकांच्या तोंडीं असलेलें बोलणें होतें. शास्त्रकारांनीं तें मागाहून उचललें.

उचललें, आणि लगेच भांडण सुरू झालें. भामह आणि दंडी यांच्यांत आधीचा कोण, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. परंतु त्यांचीं मतें परस्परविरुद्ध आहेत हें उघड आहे. वैदर्भ आणि गौडीय हा भेद भामहाला मुळींच मान्य नाहीं. एकानें म्हटलें म्हणून दुसऱ्यानें म्हणावयाचें, असला हा गतानुगतिक प्रकार आहे, असें तो बजावतो. नुसतें स्पष्ट, सरळ व कोमल असून अर्थाची पुष्टि आणि उक्तीची वक्रता नसेल, तर तें काव्य गाण्याप्रमाणें कानाला गोड लागेल, इतकेंच. उलट गौडीय असूनहि ग्राम्यता व गोंधळ टाळला असेल, तर तें उत्तम. दंडी मात्र दक्षिणेकडचा. त्यानें श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य, सुकुमारता, अर्थव्यक्ति, उदारत्व, ओज, कांति व समाधि हे १० गुण सांगून ते वैदर्भ मार्गाचे प्राण होत, असें ठरविलें. गौड मार्गांत बहुधा त्यांचा विपर्यास आढळतो, असेंहि पुढें जोडलें. विद्यार्थ्यांनीं यांतील प्रसाद आणि अर्थव्यक्ति हे दोन गुण विशेष ध्यानांत ठेवावे. शब्द कानीं पडतांच अर्थ उमजावा, आणि तो बाहेरून आणून जोडावा लागूं नये, हें त्यांचें तात्पर्य.

आठव्या शतकाच्या अखेरीस काश्मीरचा राजा जयापीड याच्या पदरीं असलेल्या वामनानें या मतास शिखरावर नेलें. रीति हाच काव्याचा आत्मा, असें त्यानें सूत्र केलें. वैदर्भी, गौडी आणि पांचाली अशा ३ रीति सांगितल्या. त्यांपैकीं वैदर्भी सर्वगुणसंपन्न ठरविली. नवशिक्या कवीनें आधीं इतर रीतींत हात बसवावा आणि मग वैदर्भीकडे वळावें, अशी सूचना कोणीं केली असावी. तिला वामनानें दिलेलें उत्तर मोठें मार्मिक आहे: तागाचें सूत विणण्याच्या सरावानें रेशमी वस्त्र विणण्याचें कसब अंगीं येत नसतें. या वामनानेंच दुसरी एक गोष्ट स्पष्ट केली आहे, व आम्हां वैदर्भीयांनीं ती विसरतां कामा नये. एखादें द्रव्य अमुक देशांत पिकतें तसें काव्य कांहीं विदर्भाच्या मातींत पिकत नाहीं. त्या देशांच्या कवींत ती धर्ती शुद्ध रूपानें आढळली म्हणून तिला तें नांव पडलें, इतकेंच. नांव निरीक्षणानें आलें. माहात्म्य भूमीचें नव्हे.

यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं राजशेखर आला, आणि त्यानें शास्त्राची कथा करून टाकली. त्याची काव्यमीमांसा कित्येक शतकें दृष्टीआड होती. १९१६ मध्यें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंतील पहिला ग्रंथ म्हणून ती छापून निघाली. तींतील कथा अशी. सरस्वतीला काव्यपुरुष नांवाचा पुत्र झाला. एकदां आई त्याला मागें ठेवून ब्रह्मदेवाच्या सभेस गेली, तेव्हां तो रुसून घराबाहेर पडला. प्रेमासारखें दुसरें बंधन नाहीं, असें जाणून गौरीनें साहित्यविद्यावधू निर्माण केली आणि तिला त्याच्या मागें पाठविलें. दोघें पूर्वेकडे गेलीं. तेथें तिनें नाना वेष केले, नृत्यगीत केलें. पण तो वळला नाहीं, आणि त्याच्या तोंडून जी समासांनीं व अनुप्रासांनीं भरलेली वाणी निघाली ती गौडी रीति झाली. पांचालांत आल्यावर तो थोडा नरमला. समास कमी झाले, अनुप्रास हलके झाले, ती पांचाली. पुढें अवंतीवरून तीं दक्षिणेस उतरलीं. येथें तो पुरता वश झाला. समास गळून पडले, अनुप्रास जागच्या जागीं तेवढा उरला, ती वैदर्भी. नंतर विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला, आणि कवींच्या मनांत तुम्ही वास करा, असा त्यांना वर मिळाला.

कथा कल्पित आहे हें सांगावयास नकोच. पण कल्पितांतहि विचार आहे. जसजसा रोष उतरतो तसतसे समास सुटतात! मन मोकळें झालें कीं भाषा सरळ होते, हें एका लहानशा प्रवासकथेंत राजशेखरानें गोंवलें आहे. आणि लग्न जेथें झालें तें वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम. पूर्वीं अकोला जिल्ह्यांत असलेलें व १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें झालेलें. बडनेऱ्याहून अकोल्यास जाऊन तेथून पूर्णेच्या फांट्यानें वाशिमास उतरतां येतें. राजशेखरानें आपल्या कर्पूरमंजरी या प्राकृत नाटकाच्या आरंभीं वैदर्भी रीतीला 'वच्छोमी' म्हटलें आहे; म्हणजे वत्सगुल्मी, शुद्ध वाशिमाची.

येथें एक शंका घेणें योग्य होईल. राजशेखर कनोजच्या प्रतिहारांच्या दरबारीं असला, तरी त्याचा पणजा अकालजलद हा महाराष्ट्रचूडामणि म्हणून गाजलेला होता. तेव्हां नातवंडानें आपल्या आजोळपणजोळाच्या मुलखाकडे लग्नाचा मान वळविला असेल, तर त्यांत नवल तें काय? ही शंका रास्त आहे, आणि केवळ राजशेखराच्या कथेवर विसंबून राहिलें तर तिला उत्तर नाहीं. उत्तर मिळालें तें दुसरीकडून.

१९३९ मध्यें वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट सांपडला. तो वत्सगुल्माहूनच दिलेला असून त्याचा कांहीं भाग संस्कृतांत व कांहीं प्राकृतांत आहे. त्यावरून वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म येथें नांदत होती हें निश्चित झालें, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं या घराण्याचा इतिहास पुढें साक्षेपानें मांडला. अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविणारा वराहदेव हा याच शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री. आणि विंध्यशक्तीचा पिता जो सर्वसेन, तो स्वतः कवि होता. त्याचें हरिविजय हें प्राकृत काव्य आज उपलब्ध नाहीं. परंतु आनंदवर्धनानें रसाला अनुकूल अशी कथेची योजना कशी करावी हें सांगतांना कालिदासाच्या प्रबंधांबरोबर त्याचा आदरानें उल्लेख केला आहे. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेंतील दुसरा प्रवरसेन हा सेतुबंध या प्राकृत महाकाव्याचा कर्ता मानला जातो, आणि त्या काव्याची प्रशंसा खुद्द दंडीनें केली आहे. म्हणजे ज्या काळीं वैदर्भ मार्गाची कीर्ति पसरली, त्याच्या आधीं विदर्भांत कविकुलाला आश्रय देणारीं आणि स्वतः लेखणी धरणारीं राजघराणीं होतीं. राजशेखराची कथा हवेंत उभी नव्हती. तिच्या पायाशीं एक खरें नगर होतें.

या इतिहासांतील सर्वांत चमत्कारिक साक्षीदार म्हणजे कुंतक. दहाव्या शतकाच्या सुमारास काश्मिरांत झालेल्या या मोठ्या टीकाकारास रीतींचीं देशनामें अगदीं नामंजूर होतीं. देशावरून रीति ठरवावयाच्या तर देश अनंत आहेत, रीतीहि अनंत होतील. शिवाय मामाच्या मुलीशीं लग्न करणें हा जसा एखाद्या देशाचा आचार असतो, तसें काव्य करणें हा कांहीं देशाचार नव्हे. त्याला शक्ति, व्युत्पत्ति व अभ्यास लागतो, असें तो म्हणतो. मामेबहिणीचा हा दृष्टांत वाचून आमच्याकडील वाचकांस हंसूं आल्याशिवाय राहणार नाहीं. कुंतकानें देशनामें टाकून कविस्वभावावरून सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे ३ मार्ग सांगितले. आणि सुकुमार मार्गाचीं उदाहरणें म्हणून त्यानें नांवें कोणाचीं घेतलीं? कालिदासाचें आणि सर्वसेनाचें! विदर्भाचें नांव पुसावयास निघालेल्या पंडिताला नमुना म्हणून वत्सगुल्माचाच राजा आठवला. तो वत्सगुल्माचा म्हणून नव्हे. चांगला कवि म्हणून. आमच्या मतें यांतच या वादाचा निकाल आहे. सिद्धांत कुंतकाचा खरा: काव्य मातींतून उगवत नाहीं. पण नांवहि निराधार नव्हतें: त्या मातींत कांहीं माणसांनीं तशी रचना करून दाखविली होती.

पुढें या संज्ञेचा उतरता काळ आला. काव्याचें तत्त्व ज्यांना नीट उलगडून सांगतां आलें नाहीं त्यांनीं रीति प्रवर्तित केल्या, असा शेरा आनंदवर्धनानें आधींच मारला होता. ध्वनि आणि रस यांची प्रतिष्ठा वाढतांच रीतीचें आत्मेपण गेलें. अकराव्या शतकांत मम्मटानें तिला वृत्त्यनुप्रासाच्या पोटांत घालून उपनागरिका, परुषा व कोमला या वृत्तींशीं तिची सांगड घातली. जी काव्याचा आत्मा होती ती एका शब्दालंकाराची तळटीप होऊन बसली. चौदाव्या शतकांत विश्वनाथानें तिला साहित्यदर्पणांत पुन्हां स्वतंत्र प्रकरण दिलें खरें, पण गेलेलें राज्य परत आलें नाहीं. कवींच्या लेखीं मात्र तिचा लौकिक कायम होता. वैदर्भी या शब्दाचा दुसरा अर्थ विदर्भराजकन्या. दमयंती वैदर्भी, इंदुमती वैदर्भी, आणि वर्धातीरच्या कौंडिण्यपुराची रुक्मिणीहि वैदर्भी. बाराव्या शतकांत श्रीहर्षानें नैषधीय काव्यांत दमयंतीच्या गुणांची स्तुति अशा खुबीनें केली कीं ती राजकन्येलाहि लागावी आणि रीतीलाहि. श्लेष म्हणजे काय हें शिकविण्यास याहून चांगलें स्थळ आम्हांस ठाऊक नाहीं.

संस्कृतांत संज्ञेची अशी पीछेहाट झाली असतां तिकडे वऱ्हाडांत मराठी ग्रंथरचनेचा उदय होत होता. सुमारें १२७८ मध्यें म्हाइंभटानें लीळाचरित्राची रचना केली ती याच अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें. त्याच पंथांतील केशिराजबास ऊर्फ केसोबास हा संस्कृताचा पंडित. स्मृतिस्थळांत अशी आठवण आहे कीं, त्यानें संस्कृतांत ग्रंथरचना करण्याचें मनांत आणिलें, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्याला वारिलें. कारण त्यामुळें पंथांतल्या भोळ्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. केसोबासानें पुढें दृष्टांतपाठ मराठींत सिद्ध केला. त्याची मांडणी पाहण्याजोगी आहे: आधीं श्रीचक्रधरांचें सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा सिद्धांताशीं जोड. आंधळ्यांनीं हत्ती चांचपून पाहिल्याची गोष्ट त्यांत आहे. पाय धरणाऱ्यास तो खांबासारखा वाटला आणि कान धरणाऱ्यास सुपासारखा. अलंकारग्रंथांतील दृष्टांत आणि हा दृष्टांत यांत थोडा भेद आहे. तेथें दोन वाक्यांत बिंबप्रतिबिंबभाव असला म्हणजे झालें. येथें सबंध गोष्टच उदाहरण होते. पण हेतु एकच: जें डोळ्यांस दिसत नाहीं तें ओळखीच्या वस्तूंतून दाखविणें.

दंडीच्या वैदर्भ मार्गापासून रिद्धपुरच्या गद्यापर्यंत अखंड वंशावळ दाखवितां येईल, असें आम्ही म्हणत नाहीं. मधल्या शतकांत राज्यें बदललीं, भाषा बदलली. श्रीचक्रधर स्वतः मूळचे गुजराथेंतले, हेंहि विसरतां येत नाहीं. परंतु दोन्हींकडे कसोटी एक आहे, हें साम्य ठळक आहे. दंडीनें प्रसाद हा गुण म्हणून सांगितला. नागदेवाचार्यांनीं तो कर्तव्य म्हणून सांगितला. ऐकणाऱ्या म्हातारीला कळलें पाहिजे, या आज्ञेंत अर्थव्यक्तीचें सगळें शास्त्र आलें, आणि त्यांत शास्त्राला न सुचलेली एक गोष्टहि आली: सुबोधता ही केवळ शोभा नव्हे, तो ऐकणाऱ्याचा हक्क आहे.

अर्वाचीन काळांत मराठी विद्यार्थ्यांसाठीं या शास्त्राचे सोपान बांधले गेले. रा. श्री. जोग यांचा अभिनव काव्यप्रकाश १९३० मध्यें आला, द. के. केळकर यांचें काव्यालोचन १९३१ मध्यें, आणि माधव जूलियन यांच्या छंदोरचनेची विस्तृत आवृत्ति १९३७ मध्यें. या ग्रंथांनीं संज्ञांना मराठी घर दिलें. परंतु त्यांचा सारांश उतरत उतरत मार्गदर्शिकांपर्यंत येतो, तोंवर त्यांतला वाद गळून जातो आणि लक्षणाची टरफलें तेवढीं हातीं राहतात. आमची शिक्षकबंधूंस विनंती अशी कीं, प्रत्येक संज्ञेबरोबर तिच्यावरचें निदान एक भांडण तरी वर्गांत सांगावें. भामह विरुद्ध दंडी, वामन विरुद्ध कुंतक, असे दोन पक्ष करून मुलांना बोलूं द्यावें; आणि त्यांनीं आपल्या घरच्या बोलींत बोललें तरी अडवूं नये. कपाशीची उपमा ज्यानें कपाशी वेचली आहे त्याला अधिक चांगली सुचते.

वाशिमास या लग्नाची खूण दाखविणारा दगड कोणी शोधूं नये. तें लग्न कवीनें लाविलें होतें. मात्र वऱ्हाडच्या मुलानें निबंध लिहावयास घेतला, जड समास मनांत आला, आणि तो बाजूस सारून त्यानें घरच्या आजीला कळेल असें वाक्य लिहिलें, तर प्राचीन पंडित त्याला कोणत्या नांवानें ओळखतील, हें त्याला ठाऊक असावें. एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच केला आहे.